रोज दोन अव्होकॅडो कोणी खायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मंगळवारच्या आरोग्य पुरवणीतला अव्होकॅडोवरचा लेख वाचला. फळ गुणाचेच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण 'रोज दोन खा, वजन उतरेल' हे छापताना साधा हिशेबही कोणी केला नाही? १०० ग्रॅम गरात सुमारे १६० कॅलरी आणि १५ ग्रॅम चरबी असते. एका मध्यम फळात दीडशे ग्रॅम गर धरला, तर दोन फळांच्या ४८० कॅलरी होतात आणि त्या रोजच्या जेवणावर वरून. यातली बरीचशी चरबी चांगल्या जातीची आहे, हे खरे. पण लोणी, वनस्पती तूप कमी करून त्या जागी गर खाल्ला तरच वाईट कोलेस्टेरॉल उतरते. अर्धे फळ पुष्कळ झाले.

त्यातही खालची मिल्कशेकची कृती वाचून वाईट वाटले. या गरात साखर १ ग्रॅमही नाही आणि तंतू साडेसहा ग्रॅमच्या वर आहेत, म्हणून तर मधुमेह्यांना तो चालतो. त्यात चार चमचे साखर आणि वर आइस्क्रीम कशासाठी? गर कुस्करून मीठ, लिंबू, कांदा, हिरवी मिरची घाला आणि भाकरीला लावा. शेजारी गाजराची कोशिंबीर असेल तर तिच्यातले कॅरोटीन या चरबीमुळे जास्त शोषले जाते.

फळ झाडावर पिकत नाही, उतरवल्यावरच पिकते. कडक फळ फ्रिजमध्ये टाकले की पिकणे अडते आणि गर करडा पडतो. केळ्यांबरोबर कागदी पिशवीत बाहेर ठेवावे, तळव्यात धरून हलके दबले की कापावे.

सर्वांत गंभीर चूक पथ्याची. पोटॅशियम १०० ग्रॅमला सुमारे ४८५ मिलिग्रॅम, म्हणजे केळ्याहून जास्त. मूत्रपिंडाच्या रुग्णाने आणि रक्त पातळ होण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज सुरू करू नये. याबद्दल लेखात एक ओळ नाही!

जाता जाता, कृषी पानाबद्दलही. बांधावर अव्होकॅडो लावायला सांगता, पण त्याचा पाला शेळ्यांना विषारी असतो, हे सांगत नाही. त्यातल्या पर्सिन नावाच्या विषामुळे कास सुजते, दूध आटते, हृदयालाही इजा होते. जत-आटपाडीकडे घरोघरी शेळ्या आहेत. साली आणि बियाही त्यांच्यापुढे टाकू नयेत.

दोन्ही दुरुस्त्या त्याच पानांवर, ठळक छापाव्यात ही विनंती.

— एक आहारतज्ज्ञ, विश्रामबाग, सांगली