उद्यानांना लोकसंपर्काचा माणूस हवा

महोदय,
शहरातील उद्याने म्हटली की माळी, पाणी आणि कुंपण एवढ्यावरच आपली चर्चा थांबते. परिसरातील रहिवाशांशी बोलणे, स्वयंसेवक जमवणे आणि देणगीदार कंपन्यांशी करार करणे हे पूर्णवेळ काम आहे, हे अजून आपल्या पचनी पडलेले नाही. न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क १९७० च्या दशकात दुरवस्थेला पोहोचले होते. १९८० मध्ये स्थापन झालेल्या सेंट्रल पार्क कॉन्झर्व्हन्सी या खासगी ना-नफा संस्थेने देणग्या आणि स्वयंसेवक यांच्या बळावर ते सावरले. मालकी मात्र शहराकडेच राहिली. हा मुद्दा महत्त्वाचा, कारण मुंबईत मोकळे भूखंड देखभालीसाठी खासगी संस्थांना दत्तक देण्याच्या धोरणाला झालेला विरोध मुख्यतः ते खासगी हाती जाण्याच्या भीतीतून होता, आणि ती भीती निराधार नव्हती. म्हणून महापालिकांच्या उद्यान विभागांत समाजकार्य किंवा नगरनियोजन शिकलेल्या तरुणांसाठी भागीदारी अधिकाऱ्याचे स्वतंत्र पद निर्माण करावे आणि प्रत्येक कराराचा मसुदा सही होण्यापूर्वी रहिवाशांसमोर मांडण्याची जबाबदारी त्याच्यावर सोपवावी. (देणगीदाराची पाटी झाडापेक्षा मोठी नसावी, हेही त्यानेच पाहावे.) अशा अधिकाऱ्याची दरवर्षी बदली होऊ नये, कारण रहिवाशांचा विश्वास खुर्चीवर नव्हे, ओळखीच्या माणसावर बसतो.

– एक वाचक, मुंबई