जुन्या इंदूरचा स्थापना दिन आणि तुझ्या आजोबांची ट्रंक

रामबाग, इंदूर
मकर संक्रांत

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तिळगूळ घे, गोड बोल. खुशाली फोनवर कळतेच, म्हणून थेट मुद्द्याचं लिहितो.

येत्या ३ मार्चला आपल्या इंदूरचा स्थापना दिन. वाड्यातली आणि शेजारपाजारची मंडळी मिळून या वर्षी तो नीट साजरा करायचं ठरवलंय, आणि त्यात तुझ्याकडे एक काम आहे.

तू म्हणशील, इंदूरचा गौरव दिवस तर ३१ मेला असतो. असतो, आणि तो अहिल्याबाईंच्या जयंतीला धरलाय याचा मला आनंदच आहे. पण गाव त्यांच्या आधीचं. कंपेलचे जमीनदार राव नंदलाल मंडलोई यांना १७१६ साली याच दिवशी बादशाही सनद मिळाली, इथे व्यापार करणाऱ्यांना करमाफी झाली आणि दिल्ली-दख्खनच्या वाटेवर पेठ जमू लागली. मल्हारराव होळकर त्यानंतरचे. आपल्या मराठी घरांत मात्र इंदूरची गोष्ट मल्हाररावांपासूनच सुरू होते, हे मला फार खटकतं. नंदलालपुऱ्याचं नाव आपण जन्मभर घेतलं. तो नंदलाल कोण, हे पोरांना कळायलाच हवं. म्हणून सकाळची फेरी जुनी इंदूरमधूनच काढायची: ज्याच्यावरून गावाला नाव पडलं असं सांगतात ते इंद्रेश्वराचं देऊळ, मंडलोईंचा वाडा म्हणजे बडा रावला, मग होळकरांच्या स्मारकांच्या कृष्णपुऱ्याच्या छत्र्या आणि शेवटी राजवाडा. राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. १९८४ च्या आगीत किती जळलं हे तुला सांगायला नको.

पण खरी गोष्ट राजवाड्यासमोर उभं राहून सांगायची आहे. इंदूर होळकरांची राजधानी झालं ते विजयानंतर नव्हे. अहिल्याबाईंनी कारभार महेश्वरहून केला. पुढे २१ डिसेंबर १८१७ ला इंग्रजांशी झालेली महिदपूरची लढाई हातची गेली, जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला, मुलूख गेला, आणि मग राजधानी इंदूरला आली. गादीवरचे दुसरे मल्हारराव तेव्हा अजून लहान. दिवाण तात्या जोगांनी उरलेला पसारा आवरला. हरलेल्या संस्थानाला पुन्हा हिशेब बसवायचे होते, त्यासाठी कारकून हवे होते. तुझ्या-माझ्या घरचे लोक त्याच सुमारास दौत-बोरू घेऊन इथे आले. तलवारीच्या मानकऱ्यांची नावं सगळीकडे आहेत; लिहिणाऱ्यांची कुठे आहेत?

तर तुझ्या आजोबांची ती हिरवी ट्रंक. एकदा त्यांनी कागद बांधलेल्या कापडाची, रुमालाची, गाठ सोडून आपल्याला एक कागद दाखवला होता, आठवतं? वर ‘श्री’, पानभर आधीच ओढून घेतलेली आडवी रेघ, आणि तिला लटकलेली मोडी अक्षरं, बोरू न उचलता सरसर लिहिलेली. कडेला बाभळीच्या काट्याने टोचल्यासारखी भोकं होती. आपल्याला एक अक्षर लागलं नव्हतं, पण त्यांनी ‘सरकारी खाजगी’ एवढे दोन शब्द बोट ठेवून वाचले आणि पुन्हा गाठ मारली. इथे आता मोडी वाचणाऱ्या एक बाई आहेत, दर शनिवारी येतात. त्यांना ते कागद बघायचेत.

कुरिअरने पाठवू नकोस, माझा जीव खालीवर होईल. स्वतः घेऊन ये. फाटलेल्या घड्यांना सेलोटेप अजिबात लावू नकोस, त्याचा चिकटा कागदात उतरतो. कोऱ्या सुती कापडात सैल गुंडाळ, नॅप्थालीनच्या गोळ्या काढून टाक. वहिनींना आणि मुलीलाही आण; तिने इंदूर फक्त लग्नसमारंभांपुरतं पाहिलंय. फेरीनंतर पोहे-जिलेबी, वर शेव आणि जीरावन मसाला, सगळ्यांना पोटभर. दुपारी कागद उलगडू.

काकूंना साष्टांग नमस्कार सांग. ट्रंकेची किल्ली त्यांच्याकडेच असेल. आधी त्यांना विचारून घे, मग मला कळव. तिकिटं लवकर काढ, होळीच्या आसपास गाड्या भरलेल्या असतात.

तुझाच,
रामबागेतला शेजारी