दार अडकलं की आधी रंधा नको!

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा आला की पेपरात छपराचं, वायरिंगचं, मच्छरांचं सगळं छापून येतं पण दारांबद्दल कोणी अक्षर लिहीत नाही, आणि इथे वडोदऱ्यात आमच्या रावपुऱ्यात, दांडिया बाजारात तर जुलै लागला की घरोघरी दार आपटल्याचे आवाज सुरू, खांद्याने ढकलून लावायचं नि हिसका मारून उघडायचं. म्हणून हे पत्र.

आमचं जिन्याकडचं दार आजेसासऱ्यांच्या वेळचं, सागवानी. दोन पावसाळ्यांपूर्वी ते इतकं अडकायला लागलं की यांनी वैतागून सुतार बोलावला. त्याने दार धड बघितलंसुद्धा नाही, सरळ रंधा काढला, दहा मिनिटांत ढलप्यांचा ढीग, पैसे घेतले आणि गेला. आम्ही खूष! दिवाळीनंतर हवा कोरडी झाली आणि बघतो तर कडीच्या बाजूला पेन्सिल जाईल एवढी फट, जिन्यातला लाईट घरात, पाली आत, जानेवारीतला गार वारा थेट सासूबाईंच्या पायावर. बरं, एवढं करून पुढच्या पावसाळ्यात वरच्या कोपऱ्यात दार पुन्हा अडकलंच.

तेव्हा शेजारचे काका आले, ते प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून रिटायर झालेत, म्हणाले अगं, घासायच्या आधी मिजागरं तर बघ. त्यांनी मला कडी धरून दार जरा वर उचलायला लावलं तर वरची बिजागरी चक्क हलत होती! म्हणजे दार नुसतं फुगलं नव्हतं, झुकलंही होतं. लाकूड ओल धरलं की रुंदीत फुगतं, उंचीत जवळजवळ नाहीच, त्यामुळे नुसतं फुगलेलं दार कडीच्या बाजूने बऱ्यापैकी सगळीकडे घासतं आणि हवा सुकली की आपलं आपण सुटतं. पण बाराही महिने वरचाच कोपरा चौकटीला लागत असेल आणि बिजागरीकडे वर फट दिसत असेल तर स्क्रू ढिले झालेत असं समजायचं. दाराच्या कडेला खडू घासून दार एकदा लावायचं, चौकटीवर जिथे पांढरं उमटेल तिथे घासतंय.

उपाय म्हटलं तर अगदी घरगुती. दाराखाली आधाराला जाड घडी सरकवायची (आम्ही तुमचाच रविवारचा अंक वापरला, रागावू नका), स्क्रू काढायचे, भोक मोठं झालं असेल तर गुल काढलेल्या काड्यापेटीच्या काड्या फेविकॉलमध्ये बुडवून ठासायच्या, रात्रभर वाळू द्यायच्या, वर आलेली टोकं कापायची आणि पुन्हा स्क्रू पिळायचे, वरच्या बिजागरीला एखादा लांब स्क्रू लावला तर तो चौकटीत खोलवर पकडतो. डिसमिस (स्क्रू ड्रायव्हर) मी स्वतः फिरवला, सुताराची वाट बघितली नाही. थोडंफार घासत राहिलं तर तिथे मेणबत्ती चोळायची. आणि एवढं सगळं करूनही रंधा लागलाच तर तो भर पावसात मारायचाच नाही, हिवाळ्यात दार किती आकसतं ते बघून मग काय ते ठरवायचं.

अजून एक, रंगारी दाराच्या वरच्या आणि खालच्या कडेला ब्रश लावतच नाहीत, दिसत नाही ना कोणाला! पण उभ्या फळ्यांची टोकं तिथेच उघडी असतात आणि पाणी सगळ्यात जास्त तीच पितात. उन्हाळ्यात दार उतरवून त्या दोन कडांना हात मारून घ्या.

२०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री नदीचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं त्यांच्या प्लायच्या दारांची गोष्ट वेगळी, खालचे थरच सुटले असतील तर बिजागरी आवळून काय होणार, दार बदलायलाच लागतं. सागवान मात्र भिजलं तरी घाई करू नका, सावलीत पूर्ण वाळू द्या.

आमच्या फटीला आता कापडाची पट्टी मारलीय. हिवाळ्यात ठीक चालते, पण जूनमध्ये दार फुगलं की ती उपटायची आणि दिवाळीला परत ठोकायची, हा कार्यक्रम दरवर्षी माझ्याकडेच.

आपली,
एक वाचक, रावपुरा, वडोदरा