कष्ट आणि कष्टाचे फळ

कोल्हापूर

तीर्थरूप आई व बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "ज्याला करायचं आहे तो करतोच, सवलती कशाला हव्यात?" तुमचे हे मत मी लहानपणापासून ऐकत आले आहे आणि त्यामागे तुमची उभी हयात आहे, हेही जाणते. म्हणूनच फोनवर वाद न घालता सविस्तर लिहीत आहे.

कष्टांवरचा विश्वास मला तुमच्याकडूनच मिळाला आणि तो मला सोडायचा नाही. मात्र, आपण कष्टाने वर आलो, यावरून जो मागे राहिला तो कष्टात कमी पडला असणार, असे आपण नकळत धरून चालतो, ते मला पटत नाही. मेल्विन लर्नर या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, निरपराध व्यक्तीला त्रास होताना पाहावे लागले आणि तो थांबवणे हाती नसले, तर पाहणारे त्या व्यक्तीलाच कमी लेखू लागतात. जगात ज्याला त्याला त्याच्या लायकीप्रमाणे मिळते, ही समजूत मोडण्यापेक्षा समोरच्यात खोट काढणे मनाला सोपे जाते.

आपल्या फडात बीडकडून येणारी टोळी तुम्ही दर हंगामात पाहता. पहाटेच्या अंधारात ती माणसे कामाला लागतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', म्हणजे कामाची एक जोडी, धरली जाते. नवरा बुडख्यातून ऊस तोडतो, बायको पाचट काढून मोळ्या बांधते आणि मग डोक्यावर मोळी घेऊन दोघेही अरुंद फळीवरून ट्रॉलीवर चढतात. गेल्या हंगामात एक बाई त्या फळीवर पाय ठेवण्याआधी दर वेळी चुंबळ नीट करीत होती आणि खाली पाचटावर तिचे लहान मूल झोपले होते. मजुरीचा हिशेब टनावर होतो, मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल त्यातून वळती होते आणि ती फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा यावे लागते. टोळीबरोबर आलेल्या मुलांची शाळा ऐन वर्षात तुटते. या माणसांना कष्टांचे महत्त्व आपण काय सांगावे?

आपला ऊस तुमच्या घामावर वाढला, हे खरेच आहे. पण त्याला भोगावतीचे पाणी मिळाले ते राधानगरीच्या धरणामुळे, आणि त्या धरणाचे काम शाहू महाराजांच्या कारकिर्दीत सुरू झाले. तुम्ही गावातून कोल्हापुरात शिकायला येऊ शकलात, कारण बोर्डिंगात जागा मिळाली. १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग निघाले आणि पुढे महाराजांच्या पाठबळावर जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य अशा अनेक समाजांच्या मुलांची सोय झाली. हे म्हटल्याने तुमच्या कष्टांचे मोल तसूभरही कमी होत नाही. त्या कष्टांना जमीन मिळाली, एवढेच मी म्हणते.

२६ जुलै १९०२ च्या ज्या हुकुमाने महाराजांनी करवीर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या, त्यात दिलेले कारण मला फार मोलाचे वाटते. उच्च शिक्षणाचे फळ पुरेशा लोकांपर्यंत पोहोचत नाही, म्हणून हे वर्ग त्या शिक्षणाकडे वळत नाहीत, असा त्याचा आशय आहे. फळाची आशा नसेल तर माणूस जिवाचे रान कशाला करील? लोक आधी कष्ट करोत, मग न्यायाचे पाहू, असे महाराज म्हणाले नाहीत. त्या हुकुमातल्या मागासलेल्या वर्गांत तेव्हा मराठा समाजही होता, याची आठवण आज आपल्याच माणसांना करून द्यावी लागते, याचे मला वाईट वाटते.

आता आपल्या घराकडे येते. आई, तू पहाटे चारला उठून शेण काढतेस, वैरण घालतेस, धारा काढतेस आणि उजाडताच दूध संस्थेत पोचवतेस. मग दिवसभर भांगलण. दुधाचे बिल बाबांच्या खात्यावर जमा होते आणि सातबाऱ्यावर तुझे नाव नाही. तू कष्टात कुठे कमी पडलीस, हे बाबांनीच सांगावे. बाबा, हा दोष मी तुमच्या एकट्याच्या माथी मारत नाही. पिढ्यान्‌पिढ्या असेच चालत आले आहे. पण आपल्या हाती असलेला अन्याय आधी दूर करावा, असे मला मनापासून वाटते. लक्ष्मीमुक्ती योजनेत पत्नीचे नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लावता येते. पुढच्या रविवारी मी येत आहे. अर्ज मी लिहून आणते. तुम्ही दोघांनी वाचावा, आणि पटला तर सोमवारी तलाठ्यांकडे जाऊ.

थंडी वाढली आहे. आई, पहाटे गोठ्यात जाताना स्वेटर घालत जा. बाबा, रक्तदाबाच्या गोळ्या चुकवू नका.

आपली लाडकी लेक