शेरीच्या लहान पिंपातील कोवळ्या व्हिस्कीविषयी

सांगली,
चैत्र

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या आत्येभावाने दोन्ही लहान बाटल्या मार्केट यार्डातील आमच्या पेढीवर सुखरूप आणून दिल्या. एकीत स्कॉटलंडच्या डिस्टिलरीत तुझे पिंप भरण्याच्या दिवशी काढून ठेवलेले, पाण्यासारखे नितळ स्पिरिट आहे, आणि दुसरीत तेच स्पिरिट ओलोरोसो शेरीच्या (शेरी म्हणजे मद्यार्क मिसळलेली स्पॅनिश वाइन) 50 लिटरच्या पिंपात दोन वर्षांहून थोडे अधिक राहिल्यानंतरचे. तीन वर्षे पूर्ण होताच ते बाटलीत भरावे की आणखी थांबावे, असे तू विचारले आहेस. माझे मत आधीच सांगून टाकतो: थांबावे, मात्र या पिंपात थांबू नये.

सध्या इकडे बेदाण्याचे सौदे भरात आहेत आणि दुपारी पारा चाळिशीला टेकतो. अशा उष्म्यात साठ टक्क्यांच्या आसपासचे मद्य पेल्यात ओतले, की मद्यार्काची वाफ आधी नाकात शिरते आणि बाकीचे वास तिच्यामागे दडून राहतात. म्हणून मी पहाटे, चहाही घेण्याआधी, खोली गार असताना दोन्ही नमुने शेजारी ठेवून हुंगले आणि मगच चाखले. तोंड निमुळते असलेला पेला वापरला, आणि आमच्या बोअरचे पाणी जड असल्यामुळे मिसळण्यासाठी वेगळे गोडे पाणी घेतले.

पहिल्या बाटलीतले स्पिरिट मला फार आवडले. त्यात कच्च्या नासपतीचा आणि हिरव्या सफरचंदाचा वास आहे, भिजवलेल्या सातूचा आहे, मागे थोडे लोणी आहे, आणि अगदी कडेला उकडलेल्या कोबीसारखी एक जड छटा आहे. दुसऱ्या बाटलीचा रंग पाहून कोणालाही वाटेल की ही बारा-पंधरा वर्षांची व्हिस्की असावी. तो गडद तांबूस आहे आणि व्हिस्की पेल्याच्या कडेवरून सावकाश ओघळते. वासात बेदाणा लगेच ओळखू आला. पण तो आपल्या तासगावचा बेदाणा नव्हे. आपण द्राक्षे डिपिंगच्या द्रावणात बुडवून शेडमध्ये, जाळीच्या रॅकवर सावलीत वाळवतो, म्हणून त्यांचा हिरवा-पिवळा रंग टिकतो. स्पेनमधील मोंतिया-मोरिलेस भागात पेद्रो शिमेनेस जातीची द्राक्षे उघड्या उन्हात पसरून काळपट होईपर्यंत वाळवतात, आणि त्यांची शेरी काकवीइतकी गोड व दाट होते. तुझे पिंप ओलोरोसोचे. ती शेरी पालोमिनो द्राक्षांची, मुळात कोरडी असते. तिच्यातील मद्यार्क 17 टक्के किंवा त्याहून अधिक केल्यामुळे फिनो शेरीवर धरते तशी यीस्टची साय हिच्यावर धरत नाही, आणि ती पिंपात हवेच्या संपर्कात मुरत राहते. तुझ्या नमुन्यातील बेदाण्याचा वास म्हणूनच गोडसर असला तरी चिकट नाही, आणि त्याच्याबरोबर अक्रोड, वाळलेली संत्र्याची साल आणि लवंग आहे. लवंगेवरून लाकूड युरोपीय ओकचे असावे असे मला वाटते. अमेरिकन ओक असता तर खोबऱ्याचा आणि व्हॅनिलाचा वास अधिक स्पष्ट आला असता. डिस्टिलरीला हे जरूर विचार.

गंधकाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण या वासाशी माझा रोजचा संबंध आहे. बेदाण्याला गंधकाची धुरी देतात, आणि ती अधिक झाली की पोते उघडताच नाकाला कळते. शेरीची रिकामी पिंपे आंबू नयेत म्हणून त्यांतही गंधक जाळण्याची पद्धत आहे, आणि त्याचा अवशेष राहिला तर व्हिस्कीला विझलेल्या काडेपेटीच्या काडीचा वास येतो. तुझ्या नमुन्यात तो नाही, याचा मला फार आनंद झाला. पिंप स्वच्छ आहे. परंतु उकडलेल्या कोबीची जी छटा पहिल्या बाटलीत होती, ती दुसरीतही आहे. तीही गंधकयुक्त द्रव्यांचीच, मात्र ती ऊर्ध्वपातनातून आलेली आहे आणि पिंपाचा त्यात दोष नाही. बेदाणा आणि लवंग यांनी तिला झाकले आहे, इतकेच. पेला अर्धा तास तसाच ठेवला आणि वरचे वास उडून गेले, तेव्हा ती पुन्हा वर आली.

इथेच मला या पिंपाचा खरा हिशेब दिसतो. पिंप लहान झाले की प्रत्येक लिटरमागे लाकडाचा पृष्ठभाग वाढतो. शेरीच्या 500 लिटरच्या मोठ्या पिंपाशी, म्हणजे बटशी, तुलना केली तर तुझ्या 50 लिटरच्या पिंपात तो दुपटीहून थोडा अधिक भरतो. त्यामुळे रंग, तुरटपणा, लाकडातले मसाल्याचे वास आणि मुरलेली शेरी हे सर्व भराभर उतरते; हे पिंपाचे पहिले काम. दोषयुक्त द्रव्ये काढून घेण्याचे दुसरे काम मात्र प्रामुख्याने पिंपाच्या आतला जळून कोळसा झालेला थर करतो, आणि तो बर्बनच्या (अमेरिकन व्हिस्कीच्या) पिंपांना असतो. शेरीची पिंपे सहसा नुसती भाजलेली असतात. तिसरे काम, म्हणजे लाकडातून झिरपणाऱ्या हवेशी स्पिरिटची सावकाश होणारी क्रिया आणि तिच्यातून फळांचे गोलाईदार वास तयार होणे, हे मुख्यतः काळावर अवलंबून आहे. तुझ्या व्हिस्कीत पहिले काम जवळजवळ पुरे झाले आहे आणि तिसरे नुकतेच सुरू झाले आहे. रंग पाहून तिचे वय ठरवू नकोस.

जिभेवर ती सुरुवातीला भरदार लागते: खजूर, भाजलेली साखर, मग आल्यासारखा तिखटपणा. त्यानंतर तुरटपणा येतो आणि तो अपेक्षेपेक्षा लांब रेंगाळतो. बाटलीवरच्या चिठ्ठीत मद्यार्क 61 टक्के लिहिला आहे. थेंब थेंब पाणी घालत मी तो अदमासे 46 टक्क्यांपर्यंत आणला. स्वीडनमधील लिनेयस विद्यापीठाच्या ब्योर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी 2017 साली संगणकीय प्रतिकृतींच्या आधारे दाखवले, की मद्यार्क 45 टक्क्यांपर्यंत असताना ग्वायाकोल हे धुरकट वासाचे द्रव्य द्रवाच्या पृष्ठभागाशी राहते आणि 59 टक्क्यांच्या वर ते आत ओढले जाते. पेल्यात मला तसाच अनुभव आला. पाण्याशिवाय जो धूर जाणवतच नव्हता, तो पाण्यानंतर हलकेच वर आला, आणि त्याच्याबरोबर पहिल्या बाटलीतली नासपतीही आली. ती नासपती तुझ्या स्पिरिटची स्वतःची ओळख आहे, आणि ती लाकडाखाली गाडली जाऊ नये असे मला मनापासून वाटते.

2009 च्या स्कॉच व्हिस्की नियमांप्रमाणे किमान तीन वर्षे ओकच्या पिंपात राहिल्याशिवाय तिला स्कॉच म्हणता येत नाही, आणि पिंप 700 लिटरहून मोठे चालत नाही; किती लहान असावे याला तो नियम खालची मर्यादा घालत नाही. म्हणून तुझ्यासारख्या भागीदारांना लहान पिंपे विकता येतात. बंगळुरूसारख्या ठिकाणी उष्म्यामुळे दर वर्षी दहा टक्क्यांहून अधिक मद्य उडून जाते आणि तिथल्या चांगल्या सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीच्या माल्ट व्हिस्की) चार-पाच वर्षांतच तयार होतात. स्कॉटलंडच्या गोदामात ही घट साधारण दोन टक्के असते आणि मुरण्याचा वेगही त्याच बेताचा राहतो. लहान पिंपात घट त्याहून अधिक होते, तरी आपल्याकडची ऊब तिथे नाही.

तेव्हा तू असे कर. डिस्टिलरीला विचार, की वारंवार वापरून ज्याचा जोर ओसरला आहे असे लहान पिंप त्यांच्याकडे आहे का. असल्यास तीन वर्षांची वाट न पाहता आत्ताच व्हिस्की त्यात हलवून घे. 200 लिटरच्या बर्बन बॅरलमध्ये तुझे चाळीसेक लिटर ओतू देऊ नकोस; पिंप बहुतेक रिकामे राहील आणि व्हिस्की उडून जाईल. दुसरा मार्ग मला अधिक पसंत आहे. तुझ्या सहकाऱ्याने त्याच आठवड्यातले स्पिरिट बर्बनच्या पिंपात ठेवले आहे असे तू लिहिले होतेस. तो तयार असेल तर तुझे त्याच्या पिंपात मिसळा. एकाच डिस्टिलरीचे असल्यामुळे ते सिंगल माल्टच राहील, जळलेल्या थरामुळे कोबीचा वास कमी होण्यास वाव मिळेल, आणि तुझ्या शेरीला पसरायला जागा मिळेल. पिंपात जागा किती उरली आहे हे मात्र आधी मोजून घ्या.

कोणताही मार्ग निवडलास तरी वर्षभराने पुन्हा दोन नमुने पाठव. दोन्ही बाटल्यांत निम्मेनिम्मे मी तुलनेसाठी राखून ठेवले आहे आणि हवा लागू नये म्हणून ते लहान कुप्यांत गळ्यापर्यंत भरले आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
माधव