पावडरच्या पिशवीवर आत काय आहे ते छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

दसरा काढायचे दिवस जवळ आलेत. बेळगाव, खानापूर, निपाणी कुठंही जावा, वाकळा, चादरी, पडदे, घोंगडी सगळं बाहेर निघालंय, मार्कंडेय नाहीतर मलप्रभेच्या काठावर बायका धुणं बडवायलेत आणि गल्लीत भोंगा लावून धुण्याच्या पावडरीचा टेम्पो फिरतोय, एक किलोवर एक किलो फ्री. टेम्पोवाल्याबद्दल माझी तक्रार नाही, पोट सगळ्यांनाच आहे. पण त्या पिशवीत काय आहे ते त्याला सांगता येत नाही, दुकानदाराला सांगता येत नाही, आणि मोठ्या कंपनीच्या चकचकीत पुड्यावर पण बऱ्याचदा किंमत, वजन, तारीख आणि एक पांढराशुभ्र शर्ट एवढंच असतं. पाच रुपयाच्या बिस्किटाच्या पुड्यावर मैदा, साखर, पामतेल सगळं बारीक अक्षरात का होईना पण लिहिलेलं असतं की. मग ज्या पाण्यात आम्ही रोज तासतास हात घालून बसतो त्याचं का नको?

मी वडगावातल्या एका महिला संघात आहे आणि आम्ही घरगुती धुण्याची पावडर करून विकतो, म्हणून यातलं थोडं माहीत आहे. मूळ माल म्हणजे ॲसिड स्लरी, काळपट दाट काकवीसारखी, मळ काढायचं खरं काम हिचं. ती सोडा ॲशमध्ये, म्हणजे धुण्याच्या सोड्यात मिसळायची, मग फसफसतं, गरम होतं, आणि मग ते वाळवून चाळायचं. स्लरी अंगावर उडाली तर भाजते, पण कितीतरी ठिकाणी बायका उघड्या हातानं कालवतात, याबद्दल ट्रेनिंग देणाऱ्यांनी पहिल्या दिवशी रबरी हातमोजे द्यायला पाहिजेत, सर्टिफिकेट नंतर द्या. पुढं मग मीठ, सोडियम सल्फेट, डोलोमाईट हे भरतीला. डोलोमाईट म्हणजे दगडाची पूड, तिनं कपडा काही स्वच्छ होत नाही, पिशवी तेवढी जड होते. सीएमसी थोडं घालतात, त्यानं निघालेला मळ परत कपड्यावर बसत नाही, ही खरोखर कामाची वस्तू. आणि सोडा जास्त झाला की हात सोलतात, बोटांच्या पेरांना चिरा पडतात. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बायकांचे हात बघा एकदा.

आता पांढरेपणाचं. पावडरीत टिनोपाल नावाचं एक द्रव्य चिमूटभर घालतात, ऑप्टिकल ब्राइटनर. हे मळ काढत नाही. उन्हातला जो अतिनील प्रकाश आपल्याला दिसत नाही तो शोषून निळसर उजेड बाहेर टाकतं, त्यामुळं पिवळट कपडा पांढरा दिसतो. दिसतो फक्त. पूर्वी नीळ घालायचो त्याचंही काम असंच नजरेचं, पण नीळ आपण आपल्या हातानं मोजून घालत होतो, हे मात्र न सांगता पावडरीतून येतं, धुण्यागणिक कपड्यावर बसत जातं आणि क्रीम कलरचा झब्बा चार महिन्यात वेगळाच दिसायला लागतो. फेसाचं पण तेच, गिऱ्हाईक फेस मागतंय म्हणून फेस वाढवायचं द्रव्य वेगळं घालावं लागतं, आम्हीही घालतो, नाहीतर पावडर खपत नाही. जास्त फेसानं कपडे जास्त स्वच्छ होतात असं काही नाही, खळबळायला दोन बादल्या पाणी मात्र जास्त लागतं, आणि उन्हाळ्यात बेळगावात नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते तुमच्याच पेपरात वाचतो आम्ही.

सगळ्यात काळजीची गोष्ट ब्लीचची. बाजारात दोन जातीचं ब्लीच आहे आणि दोन्हीचा स्वभाव एकदम वेगळा. एक सोडियम हायपोक्लोराइट, बाटलीतलं, उग्र वासाचं, घरगुती बाटलीत साधारण ४ ते ६ टक्के. दुसरं पावडरीतलं सोडियम परकार्बोनेट, ज्याला ऑक्सिजनवालं म्हणतात, पाण्यात पडलं की धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. हे दुसरं बहुतेक रंगीत कपड्याला चालतं पण गरम पाण्यात जोर धरतं, गार पाण्याच्या बादलीत अर्धा तास ठेवून फार काही होत नाही. त्यासाठी चांगल्या पावडरीत टीएईडी नावाचं ॲक्टिव्हेटर घालतात, ते असलं की ४० डिग्रीला पण काम होतं. आहे का नाही ते पुड्यावर लिहिलंच नाही तर गिऱ्हाईक पैसे कशाचे देतंय?

हायपोक्लोराइट मात्र रेशमाला आणि लोकरीला खातं. इरकल साडीचा पदर रेशमी असतो, घोंगडं लोकरीचं, एकदा त्यात बुडवलं की गेलं, दुरुस्ती नाही. बोअरच्या पाण्यात लोह असलं तर पांढऱ्या कपड्यावर उलट तांबूस डाग पडतात. एन्झाईम म्हणजे डाग फोडणारं द्रव्य असलेल्या पावडरीबरोबर टाकलं तर एन्झाईम निकामी. ऊन आणि उष्णता लागली की ते आपोआप उतरत जातं, दुकानाबाहेर उन्हात ठेवलेल्या बाटलीत जोर किती राहिला कुणास ठाऊक. हे सगळं नुकसान पैशाचं झालं. जिवाचं नुकसान वेगळं आहे. सणाच्या साफसफाईत बाथरूम घासताना आधी ॲसिड टाकायचं आणि तेवढ्यानं भागलं नाही म्हणून वरून ब्लीच ओतायचं हे घराघरात चालतं. ॲसिड आणि हायपोक्लोराइट एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, तोच जो १९१५ साली पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडला होता, आणि आपलं बाथरूम म्हणजे चार बाय सहाची खोली, वर एक झरोका. डोळे चुरचुरले, खोकला आला की बादली बिदली तिथंच टाकून आधी बाहेर पडा. आणि दारावर येणारं ॲसिड, ब्लीच जुन्या पाण्याच्या बाटलीत भरून घेऊ नका हो, घरात लहान पोरं असतात.

युरोपात २००४ सालीच नियम झालाय, डिटर्जंटच्या पुड्यावर कुठलं द्रव्य ५ टक्क्यांच्या आत, कुठलं ५ ते १५, १५ ते ३० का ३० च्या वर ते छापायचं, आणि एन्झाईम, ब्राइटनर, सुगंध हे तर कितीही थोडं असलं तरी लिहायचं. २०१३ पासून घरगुती पावडरीतलं फॉस्फरस पण एका धुण्याला अर्ध्या ग्रॅमवर आणून ठेवलंय, कारण ते पाण्यात गेलं की शेवाळ माजतं. आपल्याकडं बेंगळुरात बेळ्ळंदूर तलावाचा फेस रस्त्यावर आलेला २०१५ ला सगळ्यांनी टीव्हीवर बघितला. आणि इथं बळ्ळारी नाला, शहराचं सगळं सांडपाणी घेऊन शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या भातशेतीकडनं जातो, पावसाळ्यात शिवारात घुसतो. त्यात नुसतं धुण्याचं पाणी नसतं हे खरं, पण सोड्यातलं आणि मिठातलं सोडियम जमिनीला चांगलं नाही, आमच्या बासमतीच्या जमिनीला तर नाहीच.

काहीजण सांगतात ग्लासात चमचाभर पावडर ढवळून ठेवा, खाली गाळ बसला तर भेसळ. तेही पुरं खरं नाही, डोलोमाईटचा गाळ बसतो तसा चांगल्या पावडरीतल्या झिओलाईटचाही बसतो, आणि झिओलाईट तर पाणी मऊ करायला मुद्दाम घातलेलं असतं. म्हणजे घरी बसून गिऱ्हाईकाला ओळखायला मार्गच नाही, बनवणाऱ्यानंच सांगायला पाहिजे.

आयएस ४९५५ हे धुण्याच्या पावडरीचं भारतीय मानक आहे, ग्राहक व्यवहार खातं आहे, मग पुड्यावर घटक छापायची सक्ती करायला काय अडचण आहे? आणि इंग्रजी हिंदीत छापून आमच्या भागात उपयोग नाही, ब्लीचवर धोक्याच्या दोन ओळी तरी, "ॲसिडमध्ये मिसळू नका, रेशीम लोकरीला वापरू नका", मराठी आणि कन्नड दोन्हीत मोठ्या अक्षरात पाहिजेत. धुणं धुणाऱ्या म्हाताऱ्या बाईला जी भाषा वाचता येते त्या भाषेत. आमच्या संघानं ठरवलंय, पुढच्या छपाईपासून स्लरी, सोडा, मीठ किती टक्के आणि टिनोपाल आहे का नाही ते दोन्ही भाषांत पिशवीवर येणार. प्रेसवाल्यानं त्याचे जादा पैसे मागितले नाहीत.

आपली,
महिला संघाची एक सभासद, वडगाव, बेळगाव