भुवया पुढे करणाऱ्यांचे आभार

दहावीनंतर बऱ्याच वर्षांनी आयटीआयच्या बेसिक कॉस्मेटॉलॉजी (म्हणजे ब्युटी पार्लरचं काम) ट्रेडला प्रवेश घेतला. कोर्स वर्षभराचा, आणि वर्गातल्या बहुतेक मुली माझ्या लेकीच्या वयाच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला ताई करून टाकलं. (काकू म्हणाल्या नाहीत, याचे वेगळे आभार.)

थिअरीत त्वचेचे थर, केसांची रचना, वर २० व्हॉल्यूम डेव्हलपर (हेअर कलरमध्ये मिसळायचं द्रावण) म्हणजे ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, असली गणितं. मधल्या सुट्टीत डबा खाता खाता ती समजावून सांगणारी, नोट्सचे फोटो पाठवणारी, तू कोण ते तुला ठाऊक आहे.

पण सगळ्यात मोठं ऋण थ्रेडिंगचं. नवशिक्या हातात स्वतःच्या भुवया देणं सोपं नसतं. डोळे मिटून, दोन्ही हातांनी कातडी ताणून बसलेल्या शेजारणींनो, डोळ्यांतून पाणी आलं तरी तुम्ही "चालू दे गं" म्हणत राहिलात! हेअर कलरच्या पॅच टेस्टसाठी (ॲलर्जी येते का, ते बघायला) कानामागे थेंब लावून घेऊन ४८ तास थांबलेल्या जाऊबाई, तुमचेही आभार. धावत येताना पाहून एसटी थांबवणाऱ्या कंडक्टरदादांचेही.

प्रॅक्टिकल लांबलं की पोळ्या लाटून ठेवणाऱ्या बाईंनी "माझं नाव कुठे लिहू नकोस" अशी ताकीद दिली आहे. म्हणून लिहीत नाही, सासूबाई.